तुमच्या नावापुढची फुली

नाना,

तुम्ही गेल्याचं मला तुमच्या घरून कळलं नाही. पक्षाच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी तुमचा फोटो आला, मंत्री असतानाचा, आणि खाली एकामागून एक जोडलेले हात. दोन वर्षांपूर्वी ज्या गटातून तुम्हाला काढलं होतं, तोच हा गट. काढणारा मी नव्हतो. पण तुम्हाला काढल्यावरही मी त्या गटात राहिलो, आणि त्या सकाळी मीही सगळ्यांसारखे हात जोडून टाकले. मग चपला घातल्या आणि निघालो. बदलापुरात आमच्या शिरगावातून कात्रपला तुमच्या इमारतीपर्यंत रिक्षाला दहा मिनिटं लागतात. गेले पाच महिने मला ती दहा मिनिटं सापडली नव्हती.

जिन्यात गर्दी होती. मला बघून लोक बाजूला झाले. "बाळारामला जाऊ द्या," असं कुणीतरी म्हणालं आणि वाट मोकळी झाली. तुमच्या पायांशी मला जागा मिळाली. खांदा देतानाही पहिल्या चौघांत घेतलं. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, तिन्ही गावांतली जुनी माणसं आली होती, आणि नानांचा माणूस म्हणजे बाळाराम हे त्यांच्या डोक्यात तीस वर्षांपासून पक्कं बसलेलं. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच, पण मान त्यामुळे खाली नव्हती.

आता पक्ष तुमच्यावर स्मरणिका काढतोय. मला एक पान दिलंय, फोटोसकट. 'नानांच्या सहवासात' हा मथळासुद्धा त्यांनीच ठरवून दिलाय. तुम्ही किती वेळा निवडून आलात, कोणतं खातं सांभाळलंत, हे दुसरं कुणीतरी लिहितंय. मी माझं पान लिहायला बसलो आणि हे लिहून होतंय. हे छापलं जाईल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर हे त्यांच्यासाठी नाहीच.

मी अंबरनाथ एमआयडीसीत फिटर होतो तेव्हाची गोष्ट. तुम्ही अंबरनाथच्या शाळेत शिकवत होतात आणि बदलापुरात नगरपालिकेला उभे होतात. आमच्या दारात आलात तेव्हा घरभर सुकटीचा वास भरलेला. तुम्ही शाकाहारी, तेही कडक. माझी आई म्हणाली, "मास्तर, जेवल्याबिगर जावाचा नाय." मला वाटलं, आता हा माणूस उपवासाचं वगैरे कारण काढणार. तुम्ही बाह्या वर केल्यात, ओट्यावर मांडी घातलीत आणि तांदळाची भाकरी कांद्या-मिठाबरोबर खाल्लीत. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "मानूस बरा हाय, पन बोलतो लय." तिनं तुम्हाला मत दिलं की नाही ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून पहिली पाळी सुटली की सरळ तुमच्याकडे यायला लागलो.

तुमच्याकडे मी एकच काम शिकलो. मतदार यादी. भाषणं करणारे पुष्कळ होते, घोषणा देणारे त्याहून जास्त. तुम्ही मला यादीचे गठ्ठे आणि टोक काढलेली पेन्सिल दिलीत. घरोघर जायचं, बसायचं, बोलायचं, आणि बाहेर पडल्यावर नावापुढे खूण करायची. घर आपलं असेल तर उभी रेघ. सांगता येत नसेल तर टिंब. पहिल्याच दिवशी मी एका घरापुढे ठसठशीत फुली मारून आणली. त्या माणसानं मला दारातूनच हाकललं होतं.

तुम्ही खोडरबर मागितलंत. "बाळाराम, आपल्यात फुली नसते."

"नाना, तो उघड शिव्या घालतो तुम्हाला."

"घालू दे. फुली मारलीस की त्या घराची पायरी तू परत चढणार नाहीस. टिंब म्हणजे आपल्याला अजून एकदा जायचंय."

फुली खोडून तुम्ही तिथे टिंब दिलंत आणि यादी माझ्याकडे सरकवलीत. मला तेव्हा ते मास्तरकीचं खूळ वाटलं होतं. बाकीच्या पक्षांत सर्रास फुल्या मारत, आणि त्यांचं काम आमच्यापेक्षा लवकर उरकायचं.

लोकसभेला पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पात एका कापडवाल्या सिंधी काकांकडे आपण गेलो होतो. त्यांनी गादीवरून न उठताच सांगितलं, "देखो मास्टरजी, वोट तो मैं आपको नहीं दूँगा. चाय पियो." तुम्ही चहा प्यायलात. त्यांच्या फाळणीच्या गोष्टी ऐकल्यात, त्यांच्या सुनेच्या संधिवातावर औषध सांगितलंत आणि उठलात. बाहेर आल्यावर मी विचारलं, आता काय मारू? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी मुकाट टिंब दिलं. त्या निवडणुकीत आपण त्यांच्याकडे चार वेळा गेलो. चौथ्या वेळी ते म्हणाले, "साईं, अब तो देना पड़ेगा, नहीं तो आप रोज चाय पियोगे." तुम्ही खळखळून हसलात. तुम्ही तसे फार हसणारे नव्हतात, म्हणून ते हसणं माझ्या लक्षात राहिलं.

मग तुम्ही दिल्लीला गेलात आणि मोठे होत गेलात. खासदार, मग पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत, मग मंत्री. तुमच्या दिल्लीच्या बंगल्यावर मी वर्षातून दोनदा यायचो. बाहेर खुर्च्यांवर उद्योगपती ताटकळत असायचे आणि आत तुम्ही सकाळच्या चहाबरोबर कात्रपची पुरवणी यादी वाचत असायचात. "अरे, या घरातल्या आजी गेल्या का? नाव वगळलंय." मी हो म्हणायचो. मग तुम्ही त्यांच्या मुलाला फोन लावायला सांगायचात. दिल्लीतल्या लोकांना वाटायचं, हा जुन्या वळणाचा माणूस लोकांना धरून कसा ठेवतो. त्यांना यादी माहीत नव्हती.

जुन्या वळणाचे तर तुम्ही होतातच. वर्तमानपत्रं तुम्हाला परंपरावादी म्हणायची, कारण ते छापायला बरं दिसतं. आमच्याकडची तरुण मुलं सरळ जुनाट म्हणायची. घाईघाईनं कायदे बदलायला तुमचा विरोध, मुलामुलींनी परस्पर लग्नं ठरवायला विरोध, गणपतीत स्पीकर लावायला विरोध. संसदेत तुम्ही उभे राहिलात की समोरचे हसत, आणि आपल्याच पक्षाचे लोक घड्याळ बघत. तुम्हाला दोन्हीचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी तुमच्याशी भांडायचो आणि बाहेर तुमच्या बाजूनं भांडायचो, दोन्ही एकाच दिवशी.

माझ्या धाकट्या भावानं दुसऱ्या जातीतली मुलगी पसंत केली तेव्हाचं आठवतं? तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि म्हणालात, "आईला रडवून मांडव घालू नये." मी म्हटलं, आई रडत नाहीये, तुम्हीच रडताय. असं मी तुम्हाला त्याआधी कधी बोललो नव्हतो. सगळा संसार तुमच्याबरोबर काढलेल्या माईही आतून बाहेर आल्या, इतका आवाज चढला होता. लग्नाला तुम्ही येणार नाही असं आम्ही धरूनच चाललो होतो. तुम्ही आलात, पंगत उठत आली तेव्हा आलात, माझ्या आईशेजारी खुर्ची टाकून बसलात आणि जिलेबी मागून घेतलीत. पण आपलं चुकलं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मी वाट बघत होतो. त्या भावाच्या मुली आता कॉलेजात आहेत आणि मी अजूनही वाट बघतोय असं काल माझ्या लक्षात आलं.

दुसरं भांडण वनिताच्या तिकिटाचं. आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तेव्हा तुमचा शब्द पक्षात अजून चालत होता. मी आलो आणि म्हटलं, माझ्या बायकोला उभी करा. तुम्ही म्हणालात, "फलकावर नाव तिचं आणि सही तुझी, असंच ना? तो तिचा अपमान आहे." हे तुमचं बरोबर होतं, म्हणूनच मला झोंबलं. मग मी म्हटलं, बरं, तिचं तीच करेल, मी हात लावणार नाही. तेव्हा तुम्ही घोळ घातलात. बायकांनी या चिखलात कशाला यायचं, घर कोण बघणार, वगैरे. मी विचारलं, म्हणजे तिनं केलं तरी नको आणि मी केलं तरी नको? तुम्ही चष्मा पुसत बसलात. वनिता तेव्हा माईंबरोबर स्वयंपाकघरात होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली की नाना निदान तोंडावर तरी बोलतात.

तुमचं पुढे जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ज्या माणसाविरुद्ध आपण पंचवीस वर्षं लढलो, ज्याच्या जमिनींच्या प्रकरणांवर तुम्ही जाहीर सभांतून रात्र रात्र बोललात, त्यालाच पक्षानं वाजतगाजत आत घेतलं. तुम्ही वर पत्र लिहिलंत. पत्र बाहेर फुटलं. तुमची उमेदवारी गेली, आणि वयाचं कारण देऊन तुम्हाला गौरवानं बाजूला बसवलं. सत्कारात तुम्हाला चांदीची तलवार दिली. ती हातात धरून तुम्ही जे उभे होतात, ते मला बघवलं नाही. थोड्याच दिवसांत तो माणूस आपला जिल्हाध्यक्ष झाला आणि आम्ही त्याच्यासमोर खुर्च्या मांडून बसायला लागलो.

मी का राहिलो असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी सुरुवातीला तुमच्याकडे येऊन सांगायचो की आतून काहीतरी करता येईल. तुम्ही मान डोलवायचात. नंतर मी महिन्यातून एकदा यायला लागलो. नंतर सणाला. नंतर तुमच्या गल्लीतून जाताना मी रिक्षाच्या आतल्या बाजूला सरकून बसायला लागलो.

आता फुलीचं सांगतो. गेले पाच महिने मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं, म्हणजे दोघा-तिघांनाच, त्यांना असं सांगितलं की अध्यक्षांनी मला मारायला लावली. ते खोटं आहे.

नगरपालिकेच्या निवडणुकीआधी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सभागृहात याद्या जमा करायला बोलावलं होतं. या वेळी वनिताचं नाव तिकिटासाठी पुढे होतं, त्या संध्याकाळी ठरणार होतं. अध्यक्ष एकेकाची यादी चाळत होते. माझी हातात घेतल्यावर म्हणाले, "क्या बात है, पेन्सिल? आणि हे एवढे टिंब कसले, बाळाराम? निवडणूक आहे की रांगोळी?" सगळे हसले. मीही हसलो, नाना. मग त्यांनी पान उलटलं, कात्रपच्या एका इमारतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे घर कुणाचं?"

एवढंच. घर कुणाचं हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना ते माहीत असल्याचं मलाही माहीत होतं. पण त्यांनी फुली मार असं म्हटलं नाही. मी नुसतं उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. मी शेजारच्याच्या खिशातलं पेन घेतलं, तुमच्या नावापुढे फुली मारली, माईंच्या नावापुढे मारली, आणि यादी परत सरकवली. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं. संध्याकाळी वनिताचं तिकीट जाहीर झालं. ते फुलीमुळे झालं की आधीच ठरलेलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

फुलीच्या घरी कुणी जात नाही. मतदानाची चिठ्ठी पोचवत नाहीत. म्हणजे तुमच्या घरी, जिथून या सगळ्याची सुरुवात झाली, तिथे यंदा पक्षाचं कुणी जाणार नव्हतं आणि चिठ्ठीही पोचणार नव्हती.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेरच्या टेबलावर होतो. बायको उमेदवार असली तरी ते टेबल माझं, तीस वर्षांचं. सकाळी अकराच्या सुमाराला तुम्ही माईंचा हात धरून आलात. खरं म्हणजे माईंनी तुमचा धरला होता. स्वेटर, मफलर, काठी. रांगेतले काही लोक पाया पडले, काहींनी ओळखलंच नाही. तुम्ही सरळ माझ्या टेबलाशी आलात.

"बाळाराम, आमचा क्रमांक बघ रे. चिठ्ठी आली नाही यंदा."

मी यादी उघडली, अध्यक्षांकडून परत आलेली तीच. मला सुचायला हवं होतं की क्रमांक मोबाइलवर बघावा. पण मी घाबरून गेलो होतो आणि घाबरल्यावर हात सवयीचंच करतात. तुम्हीही सवयीनं यादी आपल्याकडे वळवून घेतलीत, आयुष्यभर घेत होतात तशी, आणि नावांवरून बोट खाली आणत गेलात. बोट थांबलं. वर-खाली सगळीकडे पेन्सिल आणि मध्ये निळ्या पेनच्या दोन फुल्या. माझ्या हातच्या. माझ्या हाताची खूण तुम्हाला ओळखू येणार नाही असं कसं होईल, तीस वर्षं तुम्हीच ती तपासत होतात.

तुम्ही बोट उचललं नाहीत. "इथे टिंब चाललं असतं," असं म्हणालात.

रागानं नाही. एखाद्या मुलाचं गणित शेवटच्या पायरीवर चुकावं तेव्हा बोलाल तसं. मी "नाना, ते..." एवढं म्हटलं आणि क्रमांक लिहून कागद पुढे केला. तुम्ही तो घेतलात, नीट घडी केलीत, आणि माईंबरोबर आत गेलात. परत जाताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत का ते मला ठाऊक नाही. मी टेबलाखाली काहीतरी शोधत असल्यासारखा वाकलो होतो.

वनिता थोडक्यात निवडून आली. गुलाल उधळला. मिरवणूक तुमच्या गल्लीतून जायची होती, नेहमीचा रस्ता तोच. मी पुढे जाऊन जीप दुसऱ्या रस्त्यानं वळवली. कुणीतरी विचारलं तर म्हणालो, तिथे आजारी माणूस आहे, आवाज नको. लोकांना ते फार समजूतदारपणाचं वाटलं.

त्यानंतर पाच महिने. मी यायचं ठरवलं नाही असं नाही. एकदा तुमच्या खालच्या किराणा दुकानापर्यंत आलो, साखर घेतली आणि परत गेलो. घरात साखर होती. काय बोलायचं याची मी मनात तयारी करायचो आणि प्रत्येक तयारीत शेवटी माझीच बाजू यायची. वनिताचं तिकीट, पक्षाची शिस्त, माझं वय, आता कुठे जाऊ. माफी मागायला आलेला माणूस एवढं बोलत नाही, हे तुम्ही लगेच ओळखलं असतंत. तुमची तब्येत बिघडल्याचं कानावर आलं होतं. मी रविवारी जाऊ म्हटलं. तुम्ही शुक्रवारी गेलात.

शोकसभेत मला बोलायला लावलं. व्यासपीठावर अध्यक्ष मधल्या खुर्चीत, मागे तुमचा मोठा फोटो, त्याला हार. मी माइकसमोर गेलो तेव्हा माझ्या मनात खरं होतं. दुसरं काहीच नव्हतं. आणि तोंडातून आलं ते असं, की नानांनी मला मुलासारखं सांभाळलं आणि मीही शेवटपर्यंत त्या घरचाच राहिलो. सभेत दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. अध्यक्षांनी खाली उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवला. तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला कुणी कधी मारलं नसेल इतकं ते लागलं.

तेराव्याला माईंनी निरोप पाठवून बोलावलं. पान वाढलं. तुमची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती आणि कुणी तिच्यावर बसत नव्हतं. जेवण झाल्यावर माई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तुझं भाषण बघितलं," त्या म्हणाल्या. "नातीनं मोबाइलवर दाखवलं. छान बोललास."

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"त्या दिवशी टेबलापाशी मीही होते रे, बाळाराम."

मला वाटलं होतं त्यांना दिसलं नसेल. माई चष्म्याशिवाय वाचत नाहीत, असं मी इतके दिवस मनाला सांगत होतो. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "राहू दे. जेवून उठल्यावर वाकू नये." मग स्वतःहूनच म्हणाल्या, "ह्यांनी काही तुमच्या बाजूला मत दिलं नाही. मी दिलं. वनिता येऊन गेली होती ना, म्हणून."

"वनिता? इथे?"

"तुला ठाऊक नाही?" माईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मग त्या भांडी आवरायला उठल्या.

घरी आलो. वनिता पालिकेच्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसली होती. मी विचारलं, तू नानांकडे गेली होतीस?

"गेले होते," ती म्हणाली. "प्रचार सुरू झाला त्याच आठवड्यात. एकटीच."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही जाऊ दिलं असतं?"

मी विचारलं, काय म्हणाले. तिनं पेन खाली ठेवलं. "तोंडावर सांगितलं, मत देणार नाही म्हणून. म्हणाले, तुझ्यासाठी नाही म्हणत, तुझ्या मागे जे उभे आहेत त्यांच्यासाठी म्हणतोय. मग मीच विचारलं, बायकांनी या चिखलात येऊ नये असं तुम्ही म्हणायचात. तर म्हणाले, अजूनही म्हणतो, पण आलीच आहेस तर घट्ट पाय रोवून उभी राहा. कागद स्वतः वाच, मगच सही कर. बाळारामला वाचायला देऊ नकोस, तो मधलंच वाचतो."

ती थोडी हसली. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं, आणि तेही तुम्हाला सांगायलाच हवं. तुमचं मत आम्हाला नव्हतं. म्हणजे फुली बरोबरच निघाली. त्या क्षणी मला बरं वाटलं, नाना. घटकाभरच, पण वाटलं. तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले होते, अंगात तुमच्याकडचं जेवण होतं, आणि मी हिशेब बरोबर आला म्हणून सुटल्यासारखा श्वास घेतला. फुली मारली त्याची लाज मला पाच महिने वाटत होती. त्या श्वासाची लाज वेगळी आहे, ती कुणाला सांगून कमी होईल अशी नाही.

बरोबर निघाली म्हणून काय झालं? मी आलो असतो तर हेच तुम्ही मला खुर्चीत बसवून सांगितलं असतंत. आपण भांडलो असतो. माई आतून बाहेर आल्या असत्या. तुम्ही मला मत नाकारून जेवायला बसवलं असतंत आणि मी चडफडत जेवलो असतो. तेवढं आपलं झालं असतं. माझ्याऐवजी माझी बायको तुमच्या पायऱ्या चढली, जिला तुम्ही एकदा नको म्हटलं होतं. तीस वर्षं तुमच्याकडे शिकत मी होतो, पण शिकली ती.

वनिता कागद आवरत होती. मी तसाच उभा होतो. मग ती म्हणाली, "अजून एक आहे. सांगणार नव्हते."

"सांग."

"निघताना ते दारापर्यंत आले. मला विचारलं, बाळाराम खाली थांबलाय का? मी काहीच बोलले नाही. मग काठी घेऊन गॅलरीत गेले आणि वाकून रस्त्यावर बघायला लागले. मी जिना उतरले, रिक्षात बसले, तरी ते तिथेच उभे होते."

मी खाली नव्हतो, नाना.